शुद्धीत आहे तोवर

लिहून देणार : रत्नप्रभा बाहुबली चौगुले,
वय वर्षे त्रेसष्ट, राहणार विश्रामबाग, सांगली.
धंदा : आजाऱ्यांच्या घरी सांभाळायला माणसं पाठवणे.

आडमुठे वकील वाचत होते
आणि मी उजवा हात
डाव्याखाली दाबून बसले होते.
थरथरतो तो. दोन महिन्यांत बँकेनं
चार चेक परत केले, सही जुळत नाही म्हणून.
मी म्हटलं, साहेब, सही तीच आहे,
हात बदललाय.
तो हसला नाही. तरुण होता.

पगाराचे चेक होते ते.
सत्तावीस बायका, सहा मामा.
कुणी कुपवाडला एका कारखानदाराची
दर दोन तासांनी कूस बदलतंय,
कुणी मिरजेत, तारा ओढून बोटं झिजलेल्या
सतारवाल्या चाचांना भरवतंय मऊ भात.
त्यांना काय सांगू,
माझा 'र' हल्ली ओळीवर बसत नाही?

सन्मती बंगळुरूहून म्हणाला, आई,
माझ्या नावानं कर, मी इथून बघतो सगळं, ऑनलाइन.
बघशील रे.
पण रात्री अडीचला हरिपूरहून फोन आला,
आजोबांनी नळी उपसून काढली, रक्त थांबत नाही,
तर चप्पल कोण घालणार?
बावीस वर्षं त्या फोनला दोघीच उठलो.

लिहून घेणार : दिलशाद रफिक मुजावर.
शिक्षण दहावी, इंग्रजी राहिलेलं.
पुराच्या वर्षी हजेरीचं रजिस्टर
डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून आली.
पानं अजून फुगलेली आहेत. मिटत नाही ते.

बँक खाते चालवणे. पगार वाटणे.
नवीन माणसे नेमणे, जुनी काढणे.
वकील थांबले : घर विकायचा अधिकार?
नाही. घर सन्मतीचं.
कर्ज काढायचा?
मी दिलशादकडे बघितलं.
ती म्हणाली, नगं बाई, मला रात्रीची झोप पायजे.

मग चष्मा काढून वकील म्हणाले,
एक सांगून ठेवतो.
हा कागद तुम्ही शुद्धीत आहात तोवरच.
डोकं गेलं, की कागद गेला.
मी हसले. म्हणजे गरज लागेल
तेव्हाच चालायचा नाही?
कायदा तसाच आहे, बाई.
आमच्यात याला म्हणतात
ड्युटी संपली आणि बदली आलीच नाही.

निबंधकाच्या कचेरीत पंखा होता, वारा नव्हता.
कारकून म्हणाला, अंगठा ठेवा.
आणि मला तो दुसरा अंगठा आठवला.
गव्हर्नमेंट कॉलनी, तळमजला,
श्वास घरघरायला लागलेला, डोळे वर,
आणि थोरल्यानं खिशातून काढलेला शाईचा पॅड.
ते गेल्यावर नखातली शाई
मीच पुसली, स्पिरिटनं.
मुली यायच्या आत.
बोलले नाही कुणाला. दोन महिन्यांचं बिल थकलं होतं.

राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाला बळी न पडता.
इथे सही.
पेन घसरलं.
दिलशादनं पेनाला हात लावला नाही,
कोपराखाली तळवा ठेवला फक्त,
पेशंटला घोट घेताना ठेवतो तसा.
सही वाकडी आली.
आली पण माझीच.

रिक्षात ती गप्प. राजवाडा चौक मागे पडल्यावर म्हणाली,
बाई, आन् डोकं गेल्यावर?
मग माझं नाव रजिस्टरात टाक,
पेशंटच्या रकान्यात.
बारा तास लिवू का चोवीस?
चोवीस. आणि दर पूर्ण लाव,
पोरगा बंगळुरूला असतो.

मी आले तर पैसं न्हाई घ्यायची मी.

घे, म्हटलं.
फुकटातली माणसं
चौथ्या दिवशी येत नाहीत.