झाड हाय म्हन्ते

दारव्ह्याच्या बाजारातून मी झाड आणलं,
खोक्यातलं. साडेतीन फुटी.
अकराशे पन्नास सांगितले,
घासाघीस करून नऊशे.
एसटीत मांडीवर घेऊन बसले
तर शेजारची बाई म्हणाली, मिक्सर का व?
म्हटलं, हाव.

घरी बाबा ओट्यावर
कोयत्याला धार लावत होते.
डिसेंबरची तेवीस तारीख, दुसरं काय करणार!
शांतवन तायडे, वय एकाहत्तर,
मिशन दवाखान्याचे कंपाउंडर.
दवाखाना बंद पडून सव्वीस वर्षं झाली,
पण पत्ता अजून तोच :
कंपाउंडरच्या घरापासून डावीकडे.

दवाखान्याच्या पडक्या कुंपणाशी
सुरूचं झाड आहे, कोण्या मिसबाईनं लावलेलं.
दर नाताळाला त्याची सगळ्यात खालची फांदी
आमच्या घरी यायची, तेलाच्या डब्यात,
विहिरीकाठच्या काळ्या मातीत उभी.
कापलं तिथे खोडावर गाठी आहेत.
बाबा बोट ठेवून सांगतात :
ही तुझी. ही सॅमसन पाळण्यात होता तेव्हाची.
ही बारीक, गारपिटीच्या साली दुसरी होतीच कुठे.
ह्या दोन, कारण पाळकसाहेबांनीही मागितली.
एक अर्धवट आहे. कोयत्याचा एकच घाव,
पुढे कधी तरी वाऱ्यानं मोडलेली.
तेव्हा मागून कुणी तरी
हाक मारत धावत आलं होतं.
त्या गाठीवर ते बोट ठेवत नाहीत.

गाठी वर चढत गेल्या.
आता सगळ्यात खालची फांदी
शिडी लावूनही हातभर दूर,
आणि गेल्या वर्षी शिडी सरकली,
डावं मनगट अजून थंडीत ठणकतं.
म्हणून हे खोकं.

फांद्या छत्रीसारख्या मिटलेल्या,
एकेक वाकवून उघडावी लागली.
टोकांना पांढरा रंग. हा बर्फ, मी म्हटलं.
आई हसायला लागली.
मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस,
आणि पोरीनं रंगाचा बर्फ विकत आणला!

बाबा झाडाभोवती फिरले.
वाकून बुंधा बघितला, तिपाईचा.
"याले कापलं कुठं?"
कुठंच नाही बाबा.
"मंग आनलं कुठून?"
दारव्ह्याहून, मी म्हटलं,
आणि ते माझं मलाच उत्तर वाटेना.

रात्री जाग आली तर खाट रिकामी.
ओट्यावर कोयता होता, टॉर्च नव्हती.
अनवाणीच धावले. शिडी, मनगट, अंधार,
काय काय डोक्यात आलं.
पण बाबा झाडावर नव्हते.
सुरूखाली उकिडवे बसून
झडलेल्या सुया गोळा करत होते,
बोराएवढी वाळकी फळं पण,
आणि दुपट्ट्यात भरत होते
तुरीच्या शेंगा भराव्यात तसे.
मला बघून दचकले नाहीत.
"टॉर्च धर," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ते सगळं
माझ्या झाडाखाली पसरलं, हातानं नीट,
थोडं प्लॅस्टिकच्या फांद्यांवरही.
"झाड हाय म्हन्ते,
तं काई तरी झडाले पायजे."

सकाळी आईचा फडा सुरू झाला
आणि फड्याबरोबर तोंडही.
चाळीस वर्षं हाच कचरा,
कुठं कुठं झाडू, करंज्यांच्या डब्यात शिरते,
पोट्ट्याईच्या पायात रुतते.
झाडून झाडून अंगणापार नेलं.
रात्री बाबांनी दुपट्टा सोडला,
आणखी एक मूठ.
सकाळी पुन्हा फडा.
असं एक तारखेपर्यंत चाललं.
दुपट्ट्याची गाठ खुंटीवर
सगळ्यांना दिसेल अशी लटकत होती,
आईलाही.

शेवटच्या दिवशी शेजारच्या चंद्रकलाबाई
झाड बघायला आल्या. खरं हाय का, त्यांनी विचारलं.
आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली,
फडा दाखवत म्हणाली,
"नऊशाचं झाड आनलं माय,
अन् हेबी झडतेच!"