कलम चौदा

अकरा वर्षांपूर्वी तो करार मीच टाइप केला,
कचेरीसमोर, स्टॅम्पवाल्या हुंडेकरींच्या पत्र्याखाली.
कलम चौदा लक्षात राहिलं, कारण तिथंच वीज गेली
आणि यूपीएस केकाटायला लागला:
'भाडेकरू सर्व माल मालक कंपनीकडूनच घेईल.'
मी विचारलं, सर्व म्हणजे?
कंपनीचा माणूस म्हणाला, सर्व म्हणजे सर्व.
पानाला वीस रुपये दर होता. मी टाइप केलं.

आज राजमणी कोंगारी समोर बसल्यात,
त्याच स्टुलावर. रेक्झिन तेवढं बदललंय.
साखर पेठेतली परमिट रूम त्यांची.
म्हणजे, त्यांची नाही.
पाटी कंपनीची, परवाना कंपनीचा, फ्रीजसुद्धा.
त्यांचं फक्त शटर वर करणं,
आणि रात्री शेवटच्या गिऱ्हाइकाला
चप्पल सापडवून देणं.

"लिवा की वो," म्हणतात,
"बियरच्या पेटीमागं दीडशे जास्त.
त्योच माल, त्योच शिक्का. होटगी रोडचा मोकळा गाळेवाला
दीडशे कमी देऊन घ्यालाय.
सोडा त्यांचा. बर्फ त्यांचा,
मे महिन्यात निम्मा टेम्पोतच पाणी हुतो,
आन् त्या पाण्याला बर्फाचा भाव.
शेंगाचटणीबी त्यांचीच वो!
पुण्याहून पाकिटात येती.
सोलापुरात. माझ्या घरात उखळ असताना."

मी 'उखळ' टाइप केलं, मग खोडलं.
मग परत टाइप केलं.

लूमवरून सुटलेले लोक ती पाकिटं हुंगून बाजूला ठेवायचे,
म्हणून बाईंनी घरची चटणी डब्यातून आणली,
काउंटरखालून, चमचा-चमचा.
त्याचा दंड दोन हजार. पावती आहे.
पावतीवर कारण: 'बाहेरचा माल.'
सगळ्या पावत्या टॉवेलच्या दशीनं बांधलेल्या,
गाठ इतकी विणकरी की मला सुटेना.
त्यांनी एका नखानं सोडवली.

मागच्या तारखेला साहेबांनी विचारलं होतं,
करारावरची सही तुमचीच ना?
बाई म्हणाल्या, सही माझी. पेन त्यांचं.
खरं तर पेन माझं होतं.
मी मागच्या बाकावर बसलो होतो, गप्प राहिलो.

आता नवा नियम येणार म्हणतात.
मसुद्याची झेरॉक्स वकिलांनी दिलीय, कडेला चहा सांडलेली:
भाडेकरूला विचारावं लागेल,
माल आमचा घेता, का नुसतं भाडं देता?
नुसतं भाडं म्हटलं, तर ते ठरवणार तिसराच माणूस,
ना कंपनीचा, ना तुमचा.
बाईंनी दोनदा वाचून घेतलं.
"त्यो तिसरा कुटं बसतो?"
दुसऱ्या मजल्यावर.
"लिफ्ट चालू हाय का?"
नाही.
"बरं," म्हणाल्या, आणि गुडघा चोळला.

पाचव्या पानाला कागद संपला.
मी हुंडेकरींकडून नवा गठ्ठा आणला, वहीत मांडून.
"केवढ्याला वो?"
तीनशे वीस.
"नव्या पेठेत दोनशे ऐंशी. पोरीच्या क्लासला कालच आणला."
मी म्हणालो, पत्रा त्यांचा आहे ना,
आणि वायरही त्यांच्याच मीटरवरून आलीय,
जागेचं ते काही घेत नाहीत,
चांगला माणूस आहे. लेखी असं काही नाही आमच्यात.

बाईंनी बोटांच्या पेरांवर वजाबाकी केली,
ओठ तेलुगूत हलले.
"नलभै," एवढंच म्हणाल्या.

प्रिंटर कुरकुरत सहावं पान बाहेर ढकलत होता.
ऊन पत्र्याच्या कडेवरून खाली उतरून
माझ्या कीबोर्डपर्यंत आलं होतं.
मी टेबल जरा आत ओढलं,
जेवढं वायर ओढू देते तेवढं.