हद्द कायम मोजणी

बागुल वकीलबाई विचारतात, किती मीटर?
चौदा वर्षं भूमी अभिलेखात
लोकांच्या बांधांवर उन्हात उभी राहून
हेच तर सांगत आले मी, किती मीटर,
आणि स्वतःचा आकडा तोंडात येत नाही.

सीबीएसजवळ कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या टपरीत
अर्जाच्या चार प्रती निघताहेत.
कागद गरम आहेत. मी त्यांवर हात ठेवते.
अर्जदार मी. सामनेवाला तू.
शब्द आवडला, खरं सांगते.
अंतरपाट धरला होता तेव्हाही तू सामनेवालाच होतास,
मध्ये एक कापड, कुंकवाचं ओलसर स्वस्तिक.
भटजींनी ते उत्तरेकडे ओढून घेतलं
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिंडोरीकडे एका म्हाताऱ्याने मला एकदा सांगितलं होतं
बांध कसा कोरतात ते.
भांडून नाही, ताई. नांगरता नांगरता.
दरसाल एक वीत.
आपल्याला कळतं तेव्हा
आपला दगड शेजाऱ्याच्या द्राक्षात असतो.

माझा मोबाईल आधी गेला.
पासबुक कधी गेलं ते आठवतही नाही.
आईकडे नांदगावला जायचा रविवार
तू मागितला नाहीस, मीच देऊन टाकला.
मग मनगट.
मनगटाचं लिहिलंय अर्जात, तारखेसह,
सिव्हिलचा कागद जोडलाय.

पण घटस्फोटाची केस टाकल्यापासून
तू रोज साडेपाचला ऑफिसच्या गेटसमोर
बाईकवर बसून असतोस, आरशात बघत.
रसवंतीवाला तुला साहेब म्हणतो.
शनिवारी कॉलेज रोडला, रेवाच्या क्लासबाहेर,
चिक्कीचा पुडा घेऊन.
पप्पा छान बोलले, म्हणाली ती.
पुडा आठवडाभर दप्तरात तसाच.
हे कुठल्या परिच्छेदात घालायचं, बाई?
सामनेवाला काहीच करत नाही,
रोज करत नाही.

तुझे वकील उठले. म्हणाले,
अर्जदार पंचवटीत राहतात,
रेघेचं महत्त्व त्यांना आम्ही काय सांगावं!
मागच्या बाकावर दोघंतिघं हसले.
मॅजिस्ट्रेटबाई हसल्या नाहीत.
ती रेघ आतलीने पाळायची होती, वकीलसाहेब.
हे मी म्हटलं नाही.
म्हटलं ते एवढंच, मी मोजणीदार आहे,
मला हद्द हवी. सही-शिक्क्याची.

त्या रात्री ऑफिसचा टेप घरी आणला,
नियमात बसत नाही, माहीत आहे.
पेठ रोडच्या आमच्या गल्लीत
रेवाने उंबऱ्यावर शून्य धरलं.
तीस मीटरचा टेप. संपला की ती धावत यायची,
माझ्या टाचेपाशी शून्य पुन्हा धरायची.
दूध केंद्र. पिठाची गिरणी. पाण्याची टाकी.
बास का, मी विचारलं.
अजून लांब, आई.
गिरणीवाल्याने शटर अर्धं उचलून पाहिलं,
रस्ता रुंद होतोय की काय म्हणून.

अंतरिम आदेश आला, पुढच्या तारखेपर्यंत.
दोनशे मीटर.
ठाण्यात प्रत द्यायला गेले तर हवालदार म्हणाले,
ताई, कागदाने माणूस थांबतो होय?
बांधावरचा दगडही कुणाला थांबवत नाही, दादा.
पण ओलांडला, तर ओलांडला असं लिहिता येतं.
त्यांनी पोच दिली. शिक्का जरा पुसट उठला,
मी पुन्हा मारायला लावला.

सोमवारी साडेपाच.
गेटसमोर तेलाचा एक डाग, तुझ्या बाईकचा,
त्यावर कुत्रं झोपलेलं.
साहेब नाही आले आज? रसवंतीवाल्याने विचारलं.
मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
आणि पुन्हा डावीकडे.
एक फुल द्या, म्हटलं. बर्फ कमी.