आकड्याशेजारची चंद्रकोर

मॉडेल म्हणालं :
पाणी वाढवलं की घडाचं वजन घटतं.
उणे चिन्ह, आणि पुढे तीन तारे.
मी चष्मा पुसला.
फैजपुरात, मे महिन्यात, हे बोलून दाखवलं असतं
तर केळीसुद्धा हसल्या असत्या.

मग उमगलं, खोट पाण्यात नाही, शून्यात आहे.
पाणी गुणिले तापमान हे पद आत घेतलं
की एकट्या पाण्याचा गुणांक बोलतो
तो पारा शून्यावर असतानाचं.
शून्य अंश!
सातपुड्याच्या या अंगाला
शून्य अंशात कोण कधी उभं राहिलंय?
ज्या गावाला रस्ताच नाही
तिथली खुशाली मला कळवत होतं ते,
अगदी खात्रीने.

प्रत्येक नोंदीतून एक्केचाळीस वजा केले,
शून्य उचलून इथल्या दुपारीत आणून ठेवला.
चिन्ह फिरलं.
पण माझा तक्त्यावरचा भरवसा उडाला होता.
म्हटलं, बोलू नको, काढून दाखव.

एक स्वल्पविराम सांडला तर पडदाभर लाल ओरड.
दुसऱ्या खेपेला तापमानाच्या एकूणएक नोंदीची
वेगळी रेषा, नुसता झाडू.
तिसऱ्यांदा मी तीनच मागितल्या :
छत्तीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस.
पालाश, खोडांतलं अंतर, शेवरीचं कुंपण
सगळं सरासरीच्या खुंट्याला बांधून ठेवलं,
तेवढ्यापुरतं.

डबा खाताना फेगडेंनी विचारलं,
हे आंतरक्रिया आंतरक्रिया काय लावलंय?
त्यांच्याच डब्यातल्या भरीताकडे बोट केलं.
बामणोदचं वांगं कच्चं चावा,
काट्यांचा जाळ वेगळा शेका,
आणि करा बेरीज.
ते हसले. तेलाचं बोट माझ्या प्रिंटवर उमटलं.

रेषा पंख्यासारख्या उघडल्या होत्या,
सेहेचाळीसची सगळ्यात उभी.
पण तिच्याभोवतीचा राखाडी पट्टा
टोकाकडे इतका फुगलेला
की त्यातून बैलगाडी वळवावी.
आणि ठिपके रेषेला धरून नव्हतेच :
काही वर, काही खाली,
मधल्या जागेत कुणीच नाही.
भांडण झालेल्या भाऊबंदांसारखे.

सायबू तडवी चहा ठेवायला आला,
निंभोऱ्याच्या प्लॉटवर चार वर्षं पाणी धरणारा.
पडद्याकडे बघून म्हणाला,
"हे आमच्या रजिस्टरातलं का?
मंग रातचं पानी कोनतं नि दिवसाचं कोनतं,
ते कुठी दिसतं?"

मी रजिस्टर काढलं.
आकड्याशेजारी, कुठे कुठे,
बारीक चंद्रकोर.
टायपिस्टने शाईचा डाग समजून सोडलेली,
आणि मीही.
"थ्री फेज एक हप्ता रातची, एक हप्ता दिवसाची.
रातपाळीचा भत्ता राह्यतो ना म्याडम,
म्हून खूण करून ठेवली.
बाकी कोनी इचारलंच नही."

चारशे बारा ओळी. संध्याकाळपर्यंत
तो चंद्र वाचत गेला,
मी एक टाइप करत गेले, नाहीतर शून्य.
हा शून्य मात्र इथलाच होता :
उन्हात उभा, चपलेत माती.

आता चित्राला दोन चौकटी आहेत.
दिवस : सेहेचाळीसची रेषा जवळपास आडवी,
पाणी ओता, नका ओतू, ऊन पिऊन टाकतं.
रात्र : तीच रेषा
जिना चढल्यासारखी.
पट्टा तिथेही फुगतोच टोकाला,
कारण टोकाशी ठिपके तीनच.
सायबूने वाकून तिन्हींवर नख ठेवलं.
एकावर म्हणाला, इथं नाग निंघला व्हता.

त्याचं काय करायचं
हे सॉफ्टवेअरला मी विचारलं नाही.
अक्षांना नावं दिली, एककं लिहिली,
टीप टाकली की टोकाकडे जपून वाचावं.

त्या तीन रात्रींचा भत्ता
अजून निघालेला नाही.