छाट

विडी घरकुलात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
हे आधी सांगायला हवं,
नाहीतर बालामणी म्याकलची घागर
रांगेतून उचलून गटारीकडेला ठेवली
म्हणजे नेमकं काय केलं, ते कळायचं नाही.
पाच आणि पाच दहा. मे महिना. सोलापूर.

ती पाण्यात उतरली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं.
बाप्तिस्मा मीच दिला. नवं नाव घेतेस का, विचारलं,
म्हणाली, नको अय्यगारू, कार्डावर हेच आहे,
कारखान्यात घोटाळा होईल.

पुढचं मी वहीत टिपून ठेवलं होतं, वर कळवायला.
खिडकीवर दगड.
नवऱ्याचा माग बंद, मालक म्हणाला सूत नाही;
शेजारच्या मागाला होतं.
थोरलीचं लग्न मोडलं, हळदीच्या आदल्या दिवशी,
आणि चेकर सूप उलथं करून
हजारातल्या दोनशे विड्या छाट म्हणून फेकायचा.

त्या रविवारी मी छळावर बोललो.
चांगला बोललो.
क्रूस, मुकुट, आगीतून तावून निघणारं सोनं
(सराफ बाजारात मी आयुष्यात दोनदा गेलोय).
ती सगळ्यात मागच्या चटईवर बसली होती,
मांडीवरच्या सुपाची जागा रिकामी,
बोटं मात्र वळत होती,
वळून, मुडपून, दोरा बांधून
पुन्हा पहिल्यापासून.

सगळे गेल्यावर थांबली.
"गोड नका म्हणू की त्याला, अय्यगारू.
तंबाखू जिभेला लागली तर कडूच लागतंय.
आणि सगळंच त्याच्या नावावर नका लिहू.
चेकर आधी बी शंभर काढत होता.
अंबुबाईला मी नळावर नाही नाही ते बोलले होते,
तिच्या मेलेल्या पोरावरून बोलले.
तवा मला येशू ठाऊक बी न्हवता.
रातीला मी निवडत बसते,
हे त्याच्यापायी सोसलं, हे माझ्या जिभेपायी,
हे नुसतं गरिबीचं, कुणाच्याच नावाचं न्हाई.
त्याच्या वाट्याला मूठभर उरतंय.
तेवढंच त्याच्यापुढं ठेवते.
त्याला कळतंय. त्याच्या हाताला बी भोकं हायेत."

मी एकदा तंबाखूविरुद्धही उपदेश केला होता.
तिनं मान हलवून ऐकला होता,
सोमवारी हजार वळल्या होत्या,
आणि पुढच्या रविवारी दशमांशाचं पाकीट आलं
त्याला तोच वास होता.
पाकीट मी घेतलं.

जूनमध्ये अंबुबाईचा उजवा हात उकळत्या तेलात भाजला.
विड्या गेल्या नाहीत तर कार्ड जाणार.
तिसऱ्या रात्री बालामणी तिच्या दारात गेली,
आत नाही, पायरीवर बसली,
ओल्या पानांचं गोणपाट स्वतःच ओढून घेतलं
आणि पहाटेपर्यंत कात्री चालली.
दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.
आठशे झाल्या. त्या दिवशी
अंबुबाईच्या सुपातली छाट नेहमीपेक्षा कमी निघाली,
हे चेकरलाही नवल.

आभार वगैरे काही नाही.
पाचव्या दिवशी नळ आला.
बालामणीची घागर कुणी रांगेत घेतली नाही.
तिनं स्वतः ठेवली, सगळ्यात शेवटी.
कुणी उचलली नाही.
तिच्यापर्यंत येईतो धार करंगळीएवढी झाली होती,
अर्धी घागर भरली.

मला म्हणाली, हे देवळात सांगू नका,
अंबुबाईला लाज वाटेल.
मी व्यासपीठावर नाही सांगितलं.

पण परवा पुन्हा छळावरचा धडा आला,
मी जुनी वही काढली
आणि एकेका ओळीपुढे लिहू लागलो,
कुणासाठी, कशापायी.
तिची झाल्यावर माझी पानं घेतली.
तेहेतीस वर्षं पाळक. माझी घागर
कुणी कधी हलवली नाही.
मिशनच्या आवारात बोअर आहे.
पान कोरंच राहिलं, आणि लाईट गेली.
अंधारात बसलो असताना लक्षात आलं,
बोटं वळतायत.