आठांत एक

अफ्योनच्या कोर्टात दोष आठ भागांत वाटतात.
आठच का, कुणी विचारत नाही.
हाल्दून बे, निवृत्त इंजिनियर, कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ,
टेप घेऊन वळणावर दोनदा चालले,
डांबरावरचा ओरखडा मोजला, एकतीस मीटर,
आणि तेरा पानांचा अहवाल दिला.

चालक रिफ्की, आठांत तीन :
निघण्याआधी माल बांधलाय का ते बघणं त्याच्याकडे होतं.
ट्रकचा मालक, आठांत दोन.
संगमरवराची खाण, आठांत दोन.
नेझाकेत, वय चव्वेचाळीस, मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये,
आठांत एक.
पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं, असं कारण दिलंय.

बेरीज जुळते. विमा कंपनीचा वकील
पेनाचं टोपण लावतो.

साखळी मी लावली नव्हती.

साखळ्या होत्या दोन.
एक सकाळच्या ट्रकबरोबर गेली ती परतलीच नाही,
दुसरीचा आकडा वाकलेला.
शुक्रवार होता. जेव्हात मुकादम घड्याळाकडे बघत म्हणाला,
अठरा किलोमीटर तर जायचंय,
बावीस टनांचा दगड काय उडून जाणार आहे?
मला ते पटलं. हे मात्र खरं सांगतो,
मला ते पटलं.
चिनाराच्या लाकडाच्या चार पाचरी ठोकल्या,
हाताने दगड थोपटला, जसा बैल थोपटावा,
आणि रिफ्कीला म्हणालो, जा.

त्याने आरशात बघून हात केला.

अहवालात पाचरी आहेत. पान नऊ.
"पाचरी ठोकल्याचे दिसून येते."
कुणी ठोकल्या ते नाही.
माझं नाव हजेरीपटावर नव्हतं कधी,
पैसे शनिवारी पाकिटातून मिळायचे,
आणि जो पटावर नाही त्याच्या वाट्याला
दोषसुद्धा येत नाही.

मी गेलो होतो कोर्टात. मागच्या बाकावर बसलो.
नंतर जिन्यात कारकुनाला गाठून म्हणालो,
तो बाईंचा अदपाव, तो माझ्याकडे वळवता येईल का?
त्याला वाटलं मी पैसे मागतोय.
भरपाई वारसांनाच मिळते, तो म्हणाला,
तुमचं नातं काय?

नातं.

तिच्या आठव्या भागापायी
भरपाईतून आठवा भाग कापला गेला.
मेलेलं माणूसही आपला वाटा भरतं इथे.
दगडाचा एक कोपरा तेवढा तुटला.
मोजमाप झाल्यावर कोर्टाने तो सोडला, खाणीने विकला,
त्याच्या लाद्या झाल्या. करडी शीर होती त्याला,
एका बाजूने नदीसारखी उतरणारी.
समुद्राकाठच्या कुठल्या तरी हॉटेलात
लोक त्या शिरेवर साबण ठेवत असतील.

रिफ्की आता ट्रक चालवत नाही. भेटला की
हवेबद्दल बोलतो.

तिच्या नवऱ्याचं अंड्यांचं दुकान आहे, दुर्मुशचं,
बस थांब्याच्या मागे. व्हॅनमध्ये त्या दिवशी
अंडीच होती. रस्ता पिवळा झाला होता म्हणे,
मी बघायला गेलो नाही.
चार महिने त्या गल्लीतून गेलो नाही.
मग एकदा गेलो.
काय बोलायचं ते तोंडात घोळवत गेलो होतो,
आत गेल्यावर म्हणालो, तीस द्या.

त्याने ट्रे काढला, प्रत्येक अंडं
कानाशी हलवून पाहिलं, एक बदललं.
मी पैसे ठेवले, ट्रे उचलला.
थांबा, तो म्हणाला.
खिळ्याला टांगलेल्या रिळावरून सुतळी ओढली,
ट्रेला उभी गुंडाळली, मग आडवी,
दातांनी तोडली, गाठ मारली,
गाठीवर आणखी एक गाठ.

लांब नाही जायचं, मी म्हणालो. इथेच, कोपऱ्यावर.

असू दे, तो म्हणाला,
आणि गाठ ओढून बघितली.