तिसरी जोडी

पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी,
पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखी.
कार्कामो मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात
पाढ्यांसारखं घोकून घेतलं माझ्याकडून.
मग लाल. मग काळा. पंचवीस जोड्यांपर्यंत.
चुकलं की पुन्हा एकपासून.

चिलोए बेटावर खाऱ्या वाऱ्यानं तांबं हिरवं पडतं.
मास्तर म्हणायचे, तपकिरी पडतं.
मी वाद घातला नाही. शिकाऊ होते.

पट्टा कुठे आवळायचा,
आतून कुजलेला खांब एका ठोक्यात कसा ओळखायचा,
सगळं दाखवलं त्यांनी.
फक्त पेटी उघडली की म्हणत,
"रोसाल्बा, तू रंग सांग, मी जोडतो."
मला वाटायचं, परीक्षा घेतायत.

मार्चमध्ये, केमचीच्या धक्क्यावर
शिंपल्या खाता खाता बोलून गेले.
एकोणचाळीस वर्षं.
हिरवा काय, तपकिरी काय,
दोन्ही ओल्या पोत्यासारखे.
भरतीच्या वेळी डोळे तपासणारा डॉक्टर आलाच नव्हता,
बोट चुकली त्याची.

पहिल्या हिवाळ्यात सुईणीचा फोन
लाकूडगिरणीत वाजला.
रात्री दोनला पहारेकऱ्यानं ऐकलं: कळा सुरू झाल्यात, या.
तो गेला. सायकलवर, सुईणीला मागे बसवून.
पोर जगलं.
आता किराण्याचं दुकान आहे त्याचं, उधारी देत नाही.

त्यानंतर नवी पेटी बसवायची असली
की ओतिलियाबाई सोबत जायच्या,
विणकामाची पिशवी घेऊन.
कंपनीला वाटायचं, नवराबायकोचं फार प्रेम.
ते होतंच म्हणा.
त्या गेल्या, आणि मग मी आले.

आता मी काच जोडते, केसाहून बारीक.
यंत्राच्या पडद्यावर दोन राखी टोकं
सरकत सरकत समोरासमोर येतात,
एक ठिणगी, झालं.
मास्तर एकदा डोकावले.
"हे दिसतं की मला," म्हणाले,
आणि दिवसभर चिडलेले होते.

जुनं तांबं मीच उपसते. किलोवर जातं.
पेटीपेटीत तिसऱ्या जोडीला
लोकरीची एक गाठ,
कुठे पिवळी, कुठे लाल,
स्वेटरातून जी उरली असेल ती.
भंगारवाला म्हणतो, राहू दे, वजन कुठे आहे तिला.
मी नखानं सोडवत बसते.
घट्ट मारायच्या बाई.

खिशात आज अकरा झाल्या.